पाचव्याला गप्प राहणारा

त्र्याऐंशी सालचा श्रावण. आदल्या रात्री मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये मावशीकडे राहिले होते आणि सकाळी तिथूनच अंबरनाथला निघाले होते. नव्या नोकरीचा पहिला दिवस. शेअर रिक्षात तिघांच्या जागी चौघं, आणि माझ्या शेजारी मांडीवर खोका घेतलेला एक तरुण. खोक्यातून कसलासा वास येत होता... ओलं गवत, लिंबाची साल, मधूनच थोडा कडवटपणा.

"गुरांचं औषध आहे का?" मी न राहवून विचारलं.

"माणसांचं," तो म्हणाला आणि हसू दाबत बाहेरचा पाऊस बघू लागला.

उतरलो तर दोघंही एकाच फाटकापाशी. बिअरच्या कारखान्याच्या. मी तिथल्या लॅबमध्ये पाणी तपासायला लागणार होते, आणि तो, हरिचंद्र, बिअर बनवणारा. खोक्यात हॉप्स होती. वेलीची हिरवी, कागदासारख्या पाकळ्यांची फुलं. बिअरला कडवटपणा आणि वास त्यांचाच. कॅम्प तीनच्या एका सिंधी व्यापाऱ्यानं परदेशातून नमुने मागवले होते.

ही फुलं पारखायची एक रीत आहे. दोन तळहातांत ती चुरडायची, आतली पिवळी पूड चिकट होईपर्यंत, आणि हाताची ऊब लागली की वास घ्यायचा. हरिचंद्रच्या हातांना टाक्या धुवायच्या कॉस्टिकचा वास कायमचा बसलेला. म्हणून एके दिवशी त्यानं माझे हात मागितले. म्हणजे — उसने.

"माझेच का?"

"तुम्ही क्रीम-पावडर काही लावत नाही."

"एवढं बघता होय?"

तो कानापर्यंत लाल झाला.

मग ते नेहमीचंच झालं. मी फुलं चुरडायची, त्यानं माझ्या ओंजळीवर वाकायचं. साझ नावाचं हॉप चेकोस्लोव्हाकियाचं. त्याला धण्यांचा, गवती चहाचा वास, आणि त्याची बिअर शांत, हलकी. अमेरिकेचं कॅस्केड चुरडलं की कुणी शेजारी पपनस सोलतंय असं वाटायचं. नॉर्दर्न ब्रूअर नावाचं हॉप मात्र नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडासारखं, आणि कडू म्हणजे कडूच. तो डोळे मिटून सांगायचा. मी डोळे उघडे ठेवून त्याच्या पापण्या बघायची.

एकदा मात्र त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. माल बोटीत खराब झालाय, सुक्या मासळीसारखा घाण वास येतोय, असं म्हणत त्यानं व्यापाऱ्याला फोन लावायला रिसीव्हर उचललासुद्धा.

"थांबा," मी म्हटलं. "माल चांगला आहे. सकाळी आईला बोंबील साफ करून दिलेत... साबणानं धुतले होते हो हात."

त्यानं रिसीव्हर परत ठेवला. म्हणाला, "तरीच मला भूक लागली होती."

त्या दिवशी आम्ही इतके हसलो की लॅबमधल्या सगळ्यांना जे कळायचं ते कळलं.

आमचं घर बदलापूरला, मांजर्लीत. माझे वडील, सुदामअण्णा, अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये तोफगोळे तपासायचे. हरिचंद्र आमच्याच समाजातला, बौद्ध, तेव्हा जातीचा प्रश्न नव्हता. प्रश्न बिअरचा होता. अण्णांनी उभ्या जन्मात विडीसुद्धा ओढली नव्हती. मी आईमार्फत विषय काढला तेव्हा ते एवढंच म्हणाले, की रविवारी विहारात वंदनेला येऊ दे त्याला, पंचशील कसं घेतो बघू. जो पाचवं शील पाळत नाही त्याच्या घरी माझी मुलगी जायची नाही.

पाचवं, म्हणजे नशेपासून दूर राहण्याचं.

हरिचंद्र आला. पांढरा सदरा, केसांना पाणी लावलेलं. पहिली चार शीलं खणखणीत म्हणाला. पाचव्याला गप्प. एवढा मोठा आवाज अचानक थांबला, तेव्हा सगळ्यांनीच मान वळवली.

बाहेर आल्यावर अण्णांनी त्याला विचारलं, "ओठ हलवले असतेस तरी कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं, काका. बिअरचा कडवटपणा घशाशी कळतो, चव बघताना थुंकून चालत नाही. रोज घोटभर पोटात जाते."

"मग नोकरी सोड."

"सोडतो म्हटलं तर आज तेही खोटंच होईल."

अण्णा वळले. गेले की संपलं, हे मला कळत होतं. कुठून धीर आला कोण जाणे.

"अण्णा," मी म्हटलं, "जीव घेणार नाही, हे पहिलं शील तुम्ही दर रविवारी म्हणता. आणि सोमवारी तोफगोळे..."

अण्णा बराच वेळ चप्पल शोधत राहिले. ती त्यांच्या पायातच होती.

"पुढच्या रविवारी माझ्या शेजारी बस," शेवटी ते हरिचंद्रला म्हणाले. "पहिल्याला मी गप्प राहतो, पाचव्याला तू."

आणि निघून गेले. आम्ही दोघंच उरलो.

"चांगुणा..." त्यानं पहिल्यांदाच माझं नाव घेतलं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे आधी तुला सांगायला हवं होतं... मी अण्णांपासून सुरुवात केली."

"हो, हवं होतं."

"मग?"

"मग काय? रविवारी लवकर या. अण्णांना उशीर खपत नाही."

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा विहाराचं कुलूपसुद्धा निघालं नव्हतं. पायरीवर हरिचंद्र बसला होता, आणि त्याच्या शेजारी अण्णा.