केतकीची नाडीपट्टी

केतकीला पडलेलं कोडं असं होतं. दोन वर्षांपूर्वी ती आजच्या दुप्पट जोरात पोहायची, तरी तिचं हृदय शांत असायचं. आता ती म्हशीसारखी संथ पोहते, तरी हृदय छातीतून बाहेर पडेल असं धडधडतं. असं का?

उत्तर तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं: आपलं हृदय बिघडलं आहे.

खारवाडीत हृदय बिघडून चालण्यासारखं नव्हतं. समुद्र वर चढत चढत गावात आला होता, रस्ता पाण्याखाली गेला होता आणि शाळा खाडीपलीकडे राहिली होती. होडी उलटली तर काय, म्हणून नियम झाला: दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलानं पावसाळ्याआधी खाडी एकट्यानं पोहून दाखवायची. ज्याला जमणार नाही त्याची रवानगी डोंगरावरच्या वसतिगृहात. वेळेचं बंधन नव्हतं. पण मनगटावर नाडीपट्टी (हृदयाचे ठोके मोजणारी पट्टी) असे. तिचा दिवा लाल होऊन तसाच राहिला, की भोपळा येऊन उचलून नेई.

भोपळा म्हणजे गावचा जीवरक्षक यंत्रमानव. पूर्वी पोरं पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकायची. हाही तसाच गोल, पिवळा आणि न बुडणारा, म्हणून पोरांनीच त्याचं बारसं उरकलं. बिचारा फार प्रामाणिक होता. केतकीला तो रोज न चुकता अर्ध्यातून परत आणत होता.

घरात केतकी आणि आजोबा, दोघंच. तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी याच खाडीत बुडाले. भोपळ्यानं त्यांना उताणं धरून काठाला आणलं, ते तिनं पाहिलं होतं. तेव्हापासून, परीक्षेचा सराव सुरू करावा लागेपर्यंत, ती पाण्यात उतरली नव्हती. खारवाडीत तसंही कुणी उताणं पोहत नसे. उताणं येतं ते ओढून आणलेलं माणूस, असं सगळे मानत. एखादं पोर चुकून उताणं झालं, तर काठावरच्या बायका "पालथं हो रे!" म्हणून ओरडत.

"आजोबा, मी डोंगरावर गेले तर तुमच्याशी भांडेल कोण?" एका संध्याकाळी केतकीनं विचारलं. वसतिगृहात म्हाताऱ्यांना जागा नव्हती. "आणि तिकडेच माझंही हृदय बाबांसारखं थांबलं तर?"

दत्ताराम तांडेल, म्हणजे तिचे आजोबा, आयुष्यभर हृदयाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. पण मुलाचं थांबलेलं हृदय त्यांना सुरू करता आलं नाही. त्यानंतर त्यांनी तो विषयच टाकला होता. आज मात्र ते उठले आणि एक बादली, एक तांब्या आणि एक वाटी घेऊन आले.

"पिंपातलं पाणी काढून ही बादली भर. तांब्यानं."

केतकीनं भरली.

"आता रिकामी करून पुन्हा भर. वाटीनं. पण वेळ तेवढाच लागला पाहिजे."

केतकीची तारांबळ उडाली. हात भराभर चालवूनही बादली भरेना, वर अंगणभर पाणी.

"हृदय म्हणजे पंप," आजोबा म्हणाले. "रोज पोहणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात तांब्याभर रक्त ढकलतं असं समज. सराव सुटला की रक्तद्रव (रक्तातला पाण्यासारखा पातळ भाग) कमी होतो आणि दर ठोक्याला रक्तही कमी ढकललं जातं. तांब्याची वाटी होते. शरीराला रक्त तर हवंच, मग ठोके वाढवावे लागतात. त्यात तुझे हात पोहणं विसरलेत, थोड्या अंतराला फार धडपड करतात. हा बिघाड नाही गं. सवय मोडलीय."

"पण मी रोज बांधावर पळते! तिथंही एवढेच ठोके पडतात आणि मला काही होत नाही."

"तिथंच फसलीस. पाणी अंगाला चहूबाजूंनी दाबतं. पायांतलं, पोटातलं रक्त छातीकडे सरकतं, हृदय जास्त भरतं. म्हणून पाण्यात ठोके एरवी कमी पडतात. पळतानाचा आकडा पोहताना दिसला, तर तू पळण्याहून जास्त ताकद लावतेयस. त्यात तुझी भीती. भीती वाटली की ॲड्रेनलिन (धोक्याच्या वेळी रक्तात सुटणारं रसायन) ठोके आणखी वाढवतं."

"मग मी करू काय?"

"हळू पोह. ठोके वाढले की थांब. थांबल्यावर हृदय लवकर शांत व्हायला लागलं, की समजायचं ते तयार होतंय."

"खाडीच्या मधोमध थांबू कशी?"

आजोबांनी वाटी उचलून तांब्यात ठेवली. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "उताणं व्हावं लागेल."

दुसऱ्या दिवसापासून केतकी आजोबांच्या पद्धतीनं सराव करू लागली. थोडं पोहायचं, धक्क्याचा खांब धरून थांबायचं, पट्टीकडे बघायचं. आकडा हळूहळू उतरू लागला. खांब संपले की मात्र ती परत फिरायची. उताणी ती एकदाही झाली नाही.

परीक्षेच्या दिवशी आभाळ दाटून आलं होतं. अर्ध्या खाडीपर्यंत ती बरी गेली. मग एक लाट तोंडावर आली, छाती धडधडू लागली आणि दिवा लाल झाला. मागून भोपळा निघाल्याचा आवाज आला. इथं खांब नव्हता.

केतकी उताणी झाली.

"पालथी हो गं!" काठावरून बायका किंचाळल्या. तिचे कान पाण्यात गेले आणि तो आवाज बंद झाला. राहिला एकच आवाज, तिच्या हृदयाचा. बाबांना आणलं तेव्हा त्यांच्या छातीत हा आवाज नव्हता. तिच्या छातीत होता, आणि चांगला जोरात होता. तिला रडू आलं. तिनं रडत रडतच लांब श्वास सोडला, मग दुसरा. भोपळा शेजारी येऊन थांबला. त्याचा हात पुढे आला, तेवढ्यात दिवा हिरवा झाला. हात मागे गेला. केतकी पालथी झाली आणि सावकाश पोहू लागली.

पलीकडे पोहोचून ती होडीतून परत आली, तेव्हा आजोबा धक्क्यावरच बसले होते.

"तू उताणी झालीस आणि मी डोळे मिटले," ते म्हणाले. "बघवलं नाही."

"मग मी पोहोचले ते कळलं कसं?"

"भोपळा रिकाम्या हातानं परत आला."

दुसऱ्या दिवशी पाणी धक्क्याच्या आणखी एका पायरीवर चढलं होतं. उथळात दोन-तीन पोरं उताणी पडून आभाळाकडे बघत होती. आजोबा गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांना श्वास सोडायला सांगत होते, आणि काठावरून कुणी ओरडत नव्हतं.