लाल करडू आणि शुक्रवारचं तळण

शुक्रवारी सकाळी सायरागूल नारीन गावच्या बाजारात गेली ती एका पुस्तकासाठी. रंगीत चित्रांचं, लहानग्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं पुस्तक. लाल करडू आपल्या आईला शोधत एकेका तंबूच्या दाराशी जातं. आतून कुणीतरी विचारतं, "कोण आलंय?" करडू म्हणतं, "मी." एवढीच गोष्ट.

हा खटाटोप चार वर्षांच्या आयझिरेकसाठी. तिची आई गुलसुन गेल्या हिवाळ्यात वारली. सायरागूल दुसरेपणावर या घरात आली, त्याला आता तीन महिने झाले, पण पोर तिच्याशी चकार शब्द बोलली नव्हती. जाऊबाई टोमणा मारायच्या, मुकी कसली, माझ्याकडे तोंड मिटत नाही तिचं, तुझ्यावरच रुसलीय. सायरागूल हसून ऐकून घेई. अल्लाच्या मनात आलं की बोलेल, म्हणे, आणि दर शुक्रवारी नेमानं गुलसुनच्या नावानं दुवा मागून बोरसोक तळी. कणकेचे ते इवले तुकडे तेलात टम्म फुगत आणि वास घरभर दरवळे. गेलेल्यांना घास कुठला, वासच तेवढा पोचतो.

आज पुस्तकाच्या नादात तेवढं राहून गेलं.

दुपारी बर्फ सुरू झालं. खिडक्या पांढऱ्या झाल्या, घरात अवेळीच सांजावलं. नवरा मेंढ्यांकडे गेलेला. शेगडीजवळ दोघी बसल्या आणि सायरागूल वाचू लागली. पिवळा तंबू. "कोण आलंय?" तिनं म्हाताऱ्याचा घोगरा आवाज काढला. पोरीच्या ओठाचा कोपरा हलला. निळा तंबू, लठ्ठ बाईचा आवाज. पोर थोडी जवळ सरकली.

हिरव्या तंबूपाशी सायरागूलनं श्वास घेतला... तोच मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "कोण आलंय..."

बायकी आवाज होता. खोलीत विझलेल्या राखेचा वास आला. सायरागूलच्या अंगावर सरसरून काटा उभा राहिला. मागे बघायचा धीर होईना.

आयझिरेक मात्र खुदकन हसली. "मी," ती म्हणाली.

"कुणाशी बोलतेस, बाळा..."

"आईशी." पोर तिच्या खांद्यावरून मागे बघत होती. "ती म्हणते, आज वास नाही आला."

सायरागूल चटकन उठली. भीतीपेक्षा तिला लाजच जास्त वाटली. पावासाठी भिजवलेलं पीठ होतंच. तिनं तेल तापवलं, दुवा मागितली. "गुलसुनताई, चुकले हो," ती पुटपुटली. पहिला घाणा फुगला आणि राखेचा वास कुठच्या कुठे पळाला. आयझिरेक मुरंब्यात बोटं बुडवून अखंड बडबडत होती. आई म्हणते, तू वाचतेस बरं, पण लठ्ठ बाईचा आवाज तिलाच जमतो. सायरागूलला डोळ्यांत पाणी असतानाही हसू फुटलं.

"पुढे वाच ना, धाकटी आई," पोर म्हणाली.

शेवटच्या तंबूत करडाला आई भेटली, तेव्हा आयझिरेक सायरागूलच्या कुशीत झोपली होती. तळण झाल्यावर तिनं हात पुसून घेतले होते. आता ते दोन्ही पोरीखाली अडकलेले. मिटलेलं पुस्तक समोर पडलं होतं.

"पुन्हा एकदा..." मागून आवाज आला.

पुस्तक आपसूक उघडलं आणि पहिलं पान उलटलं. पानाच्या कोपऱ्यावर तेलकट अंगठ्याचा ताजा ठसा होता.

सायरागूलनं हलक्या आवाजात वाचायला सुरुवात केली. लठ्ठ बाईच्या पानाशी आल्यावर ती थांबली.