काशीला सोडलेलं दूध

“ओ भाऊ, तो माझा चहा आहे!”

महाल भागातल्या आमच्या लॅबच्या काउंटरवरचा माझा कप उचलून हा पठ्ठ्या निम्मा प्यायलासुद्धा होता. माझं डोकं सटकलंच. पण त्यानं वर पाहिलं आणि... अगबाई, किती दमलेले डोळे!

“माफ करा मॅडम. मले वाटलं, पेशंटवाल्यांसाठीच ठेवला. उमरेडहून पहिल्या एसटीनं आलो, बाबाले घेऊन.”

नाव अपूर्व. मागे बाकावर त्याचे वडील, चंपतराव, पिवळे पडून भिंतीला टेकलेले. रक्त निम्म्यावर आलेलं. तिकडच्या डॉक्टरांना ब्लड कॅन्सरची शंका, म्हणून हाडातली मज्जा काढून तपासायला पाठवलेलं. आणि तपासणार कोण? मीच, डॉक्टर मिनल.

दुपारी स्लाइड रंगून आली. मायक्रोस्कोपला डोळा लावला. कुणाची मज्जा ओसाडच असते, पेशी बनतच नाहीत. कॅन्सरमध्ये एकाच जातीच्या कच्च्या पेशी सगळी जागा बळकावतात. इथेही पेशी कच्च्या, मोठाल्या... पण थांब मिनल, घाई नको! गर्दी सगळ्याच जातींची होती. पेशी नुसत्याच वाढल्या होत्या, पिकल्या नव्हत्या.

मी धावत बाहेर आले. “बाबा दूध-दही खातात?”

“नाही जी, चार वर्षं झाली. काशीले गेले होते ना, तिथं आवडतं ते सोडून आले. दूध, दही, ताक, तूप... सगळंच!”

“अंडी, मटण?”

“माळकरी आहेत.”

लगेच रक्तातलं बी-बारा जीवनसत्त्व तपासलं; ते दूध, अंडी, मटणातूनच मिळतं. जवळजवळ नाहीच!

“अपूर्व, कॅन्सर नाही. जीवनसत्त्व संपलंय फक्त. इंजेक्शनांनी बरे होतील.”

तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मीही रडले, कशाला लपवू?

दीड महिन्यानं तो पुन्हा आला. हातात दोन कप चहा!

“बाबा शेतात जाऊन राहिले आता. पण दुधाले हात लावत नाहीत. इंजेक्शन चालते म्हणे.”

“बरं. आणि तुम्ही काहून आलात?”

“तुमचा चहा प्यालो होतो ना...”

“त्याला दीड महिना लागला?”

“हिंमत करून राहिलो होतो.”

मला हसू आवरेना. “बाबा बरे झाले, आता एकदा तुम्हीही जाऊन या काशीला.”

“मी? नाही जी. मी काशीले कधीच जात नाही आता.”

“काहून?”

“तिथं सगळ्यात आवडतं ते सोडावं लागते...” एवढं बोलून तो माझ्याकडे पाहतच राहिला. कान लालबुंद.

मी त्याच्या हातातला एक कप घेतला, निम्मा प्यायले आणि परत त्याच्या हातात दिला.

“मग नकाच जाऊ,” मी म्हटलं.