विखुरलेले छर्रे

"माझे छर्रे कुणीतरी बदललेत," शिवकन्या म्हणाली, आणि मल्लिनाथने घाईघाईने चहाचा कप खाली ठेवला.

नांदेडच्या वजिराबादेत, एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दामिनी बिरादारचं ऑफिस होतं. लग्नाआधीच्या चौकश्या, चोरीला गेलेल्या मोटारसायकली, भाऊबंदकीतल्या खोट्या सह्या अशी कामं तिच्याकडे यायची. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला मल्लिनाथ तिची गाडी चालवायचा आणि दर खेपेला तिच्याआधी गुन्हेगार ओळखायचा. आजवर त्याचा एकही अंदाज खरा ठरला नव्हता, पण त्याची उमेद कायम होती.

"छर्रे म्हणजे पाखरं मारायचे?" त्याने विचारलं.

"न्हाई काका. नेमबाजीचे. एअर रायफलचे." पोरीने पिशवीतून एक चपटी डबी काढली. आत शिशाचे इवलेसे छर्रे होते. "सोनाराच्या काट्यावर एकेक तोलून निवडलेत मी. दहा मीटरवरून मारले की सगळे एकाच छिद्रातून जायचे. आता कागदाची चाळणी होऊन राहिली. लातूरची विभागीय स्पर्धा तोंडावर आलीय. तिथं निवड झाली नाही तर घरचे हदगावला परत नेतील. मग कॉलेज बी संपलं आणि रायफल बी."

तिच्यामागे दाराशी तिचा मामा दगडोबा उभा होता. बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारा, दणकट, कपाळावर घाम आलेला माणूस. शिवकन्या त्याच्याकडेच राहून शिकत होती.

"मी म्हणलं होतं हिला, उगं कशाला चौकशी," तो म्हणाला. "छर्रे त्येच हायेत, बाई. छर्र्याला कोणीबी हात लावला न्हाई. पोरीनं दडपण घेतलंय, दुसरं काही न्हाई."

दामिनीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग शिवकन्येला विचारलं, "पहिल्यांदा बिघडलं त्या दिवशी आणखी काही वेगळं वाटलं?"

शिवकन्येने आठवून पाहिलं. "नेम धरायची साइट लई फिरवावी लागली. ती मी रायफलीवरून काढून वेगळी माझ्याजवळ ठेवते, म्हणून रोज थोडी जुळवावीच लागते. पण त्या दिवशी फिरवतच बसले."

* * *

नेमबाजीचा क्लब गावाबाहेर, कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये होता. प्रशिक्षक दयानंद सर शिबिरावरून कालच परतले होते आणि बातमी ऐकून त्यांचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, छर्रा आणि नळी यांची सोयरीक असते," ते म्हणाले. "एकाच कंपनीचे, एकाच मापाचे छर्रे, तरी एक बॅच एका नळीला मानवते, दुसरीला नाही. आम्ही रायफल टेबलाला घट्ट आवळतो, म्हणजे माणसाचा हात मधे येत नाही. मग एकेक बॅच मारून बघतो. जिचे छर्रे एका छिद्रात जातील, ती त्या रायफलची. शिवकन्येची बॅच अशीच निवडली. दीपमालाची वेगळी निघाली."

"दीपमाला कोण?"

"आमची दुसरी चांगली नेमबाज. शेषेराव आडत्यांची मुलगी. ती बघा दोघींची हत्यारं."

कपाटात दोन सारख्याच रायफली होत्या. एकीच्या दस्त्यावर लाल चिकटपट्टी, दुसरीच्या दस्त्यावर निळी.

"लाल शिवकन्येची. निळी दीपमालाची, ती नवीन आहे, शेषेरावांनीच क्लबला दिली. नंबर नळीवर असतो, पण तो बघतं कोण? आम्ही पट्टीवरून ओळखतो."

दामिनीने लाल पट्टीची रायफल उलटी केली. दस्ता आणि नळी जोडणारा काळा बोल्ट खाली होता. त्याच्या कडेवरचा रंग खरवडला जाऊन पोलाद चमकत होतं. तिने मल्लिनाथला तो दाखवला. मल्लिनाथने समजल्यासारखी मान हलवली.

सरांनी शिवकन्येचे छर्रे काट्यावर टाकले. प्रत्येकाचं वजन तिने निवडलं होतं तेवढंच भरलं.

"म्हणजे बदलले नाहीत!" मल्लिनाथ निराश झाला. छर्रेचोर कोण हे त्याने रस्त्यातच ठरवून टाकलं होतं.

क्लबचा राखणदार विरूपाक्ष देगलूरकडचा, बोलका माणूस. रायफली पुसायचं काम त्याचंच.

"बाहेरचं कोण येणार हो बाई? कपाट कायम बंद. पुसायच्या दिवशी तेवढं उघडं ऱ्हातंय."

"त्या दिवशी तुम्ही इथेच होता?"

"होतो की. जरा जार भरून आणायला गेलतो. मोटर जळली होती ना, प्यायला पाणी नव्हतं. पण तेव्हाबी शेड सुनी नव्हती. मोटर दुरुस्त करायला शिवकन्येचे मामाच बसले होते. घरचाच माणूस."

"शिवकन्येचं बिघडलं ते त्यानंतर की आधी?"

"दुसऱ्याच दिवशी. लई रडली पोरगी."

* * *

शेषेरावांच्या आडतीवर सोयाबीनच्या पोत्यांमधून वाट काढत जावं लागलं. मिशीला पीळ देत त्यांनी पाहुण्यांना बसवलं आणि लगेच आवाज चढवला.

"हाव, बोललो मी! रायफल आम्ही द्यायची आणि पेपरात फोटो हदगावच्या पोरीचा! पण चोरी? माझ्याकडं छर्र्याची कमी हाय का?"

मल्लिनाथने दामिनीला कोपराने खुणावलं. हाच, अशी त्याची खात्री पटली.

"आणि तुमच्या मुलीचं कसं चाललंय?" दामिनीने शांतपणे विचारलं.

शेषेरावांचा आवाज एकदम खाली आला. उत्तर मागे उभ्या असलेल्या दीपमालाने दिलं. "माझं पण वाईट चाललंय, ताई. शिवकन्येचं बिघडलं त्याच दिवसापासून. तिचंच इतकं कौतुक आणि इतकी चिंता, की माझ्याकडं कुणी पाहिलंच नाही. मला वाटलं, माझाच हात गेला."

दामिनी हसली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काका, गाडीत डिझेल भरा. उद्या लातूर."

"शेषेरावला तिथं पकडायचं?"

"त्यांना सोबत बोलवायचं. आणि दगडोबा मामांनाही."

* * *

लातूरच्या रेंजवर स्पर्धेच्या आदल्या दुपारी हत्यारांची तपासणी झाली. पंचांनी दोन्ही रायफलींच्या बोल्टवर शिक्क्याची पट्टी चिकटवली. स्पर्धा संपेपर्यंत आता रायफल खोलता येणार नव्हती.

सरावाची वेळ सुरू झाली तेव्हा दामिनीने सगळ्यांना एका टेबलाभोवती जमवलं.

"सर, निळ्या पट्टीची रायफल आवळा. आणि छर्रे शिवकन्येच्या डबीतले घ्या."

"दीपमालाच्या रायफलीतून? ते विखुरतील, मॅडम."

"मारून तर बघा."

सरांनी एक छर्रा मारला, दुसरा, तिसरा, असे मारत गेले. दोरीवरचा कागद सरकत जवळ आला. कागदावर एकच छिद्र होतं, कडा सुबक कापल्यासारख्या. शिवकन्येने तोंडावर हात ठेवला.

"सगळे छर्र्यांच्या मागे लागले," दामिनी म्हणाली. "पण छर्रे वजनाला बरोबर होते. आणि बिघडलं एकीचं नव्हतं, दोघींचं, तेही एकाच दिवशी. शिवकन्येची डबी कुणी बदलली असती तर दीपमालाचे छर्रे कशाला विखुरले असते? दोघींना एकदम बाधेल असं एकच घडू शकतं. दस्ते जागच्या जागी राहिले, नळ्या बदलल्या. लाल पट्टीवर दीपमालाची नळी बसली, निळीवर शिवकन्येची. म्हणून तर साइट इतकी फिरवावी लागली. प्रत्येक नळीला परक्या घरचा छर्रा मिळाला."

"पण केलं कोणी?" शेषेराव गरजले.

"बोल्ट खरवडला होता. म्हणजे घाईत, जरा मोठ्या पान्याने खोलला. कपाट उघडं होतं त्या दिवशी विरूपाक्ष पाणी आणायला गेले. शेडमध्ये एकटा माणूस होता, आणि त्याच्याजवळ हत्यारांची पेटी होती. शिवाय सगळे छर्रे बदलले म्हणत असताना एकच जण छातीठोक सांगत होता की छर्र्याला कुणी हात लावला नाही. त्याला ते ठाऊक होतं, कारण त्याने हात दुसऱ्याच वस्तूला लावला होता."

कुणी मामाचं नाव घेतलं नाही. दगडोबा स्वतःच पुढे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला वाटलं, त्यांची नवी रायफल, नळी नवी, जास्ती चांगली आसंल. दस्ता बदलला तर कळंल, म्हणून नुसती नळी फिरवली. माझी भाची पुढं जावी, एवढंच मनात होतं. मोटरीला नवा पंप बसवला की पाणी जास्ती येतंय, तसंच आसंल म्हणलं." तो दीपमालाकडे वळला. "लेकरा, तुझा बी घात केला मी."

मल्लिनाथला वाटलं, शेषेराव आता टेबल उलटवतात. पण ते कागदावरच्या छिद्राकडे बघत होते.

"म्हणजे माझी नवी नळी हिच्याकडं होती, तरी हिचं बिघडलंच?"

"नळीला तिची बॅच नव्हती ना," दयानंद सर म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला. "पण आता शिक्के लागलेत. नळ्या परत फिरवता येणार नाहीत."

"नळ्या कशाला फिरवायच्या?" दामिनी म्हणाली. "डब्या फिरवा."

मग दीपमालाने आपली डबी शिवकन्येपुढे धरली. शेषेरावांनी बाजूला होऊन वाट दिली. दोघी पोरी तिथेच सरावाला बसल्या. थोड्याच वेळात दोघींच्या कागदांवर एकेक छिद्र उरलं.

त्या संध्याकाळी शिवकन्या मामाशी एक शब्द बोलली नाही. दगडोबा जेवला नाही. मल्लिनाथने त्याच्यापुढे केळी ठेवली, तीही तशीच राहिली.

सकाळी मामा रेंजच्या फाटकाबाहेरच बसून होता. शिवकन्या रायफलीची बॅग घेऊन त्याच्यासमोर थांबली.

"मामा, आत चला," ती म्हणाली. "पण दोन्ही हात खिशात ठेवायचे."

दगडोबा स्पर्धाभर तसाच उभा राहिला. नाक खाजलं तरी त्याने हात काढला नाही. निकाल लागला तेव्हा दीपमाला पहिली होती, शिवकन्या दुसरी, आणि दोघींची निवड झाली होती. शेषेराव आणि दयानंद सर एकमेकांना मिठ्या मारत होते, मल्लिनाथ शिट्ट्या वाजवत होता. दगडोबा मात्र हात खिशात घालून भाचीकडे टक लावून बघत होता.

शिवकन्येने त्याला पाहिलं. ती खळखळून हसली आणि मान डोलावली.

मग दगडोबाने टाळ्या वाजवल्या. इतक्या जोरात, की शेवटी पंचांना त्याला गप्प करावं लागलं.