अर्धा सेल्फ

राधाकिशन मिस्त्रीला डिझेलचं इंजिन चालू करता आलं नाही, असं केज तालुक्यात कुणी म्हणालं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. बंद गाडी पुढ्यात आली की मिस्त्री तिला आधी एक शिवी हासडायचा, मग पाना हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "धा मिंटं." आणि खरंच, लोकांचा चहा संपायच्या आत गाडी धूर ओकायला लागायची. आता एवढं नाव झाल्यावर माणसाला थोडी मिजास येणारच. त्यात त्याचा काय दोष?

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. ऊसच नाही म्हटल्यावर सहकारी कारखान्याचं धुराडं थंड पडलेलं, आणि उसाच्या गव्हाणीपुढच्या मोकळ्या मैदानात जनावरांची छावणी उभी राहिलेली. राधाकिशन कारखान्याचाच मिस्त्री. घरची जनावरं छावणीत आणली, तसं त्यानं बिऱ्हाडही पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. माहेरच छावणीत येऊन बसलेलं, म्हणून लेक सुभद्रा पोट सांभाळत छावणीत आली. दोन दिवसांत तिनं बापाच्या तंबाखूची डबी लपवली, आईच्या भाकरीला नावं ठेवली आणि शेडमध्ये घरपण आणलं.

दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, त्याही भर दुपारी. पाण्याचा टँकर नुकताच रिकामा झाला होता. ड्रायव्हर शहादेव धावत आला.

"मिस्त्री, ताईला केबिनमधी बसवा. केजला दवाखान्यात सोडतो."

"टँकरात? त्या खड्ड्यांनी लेकीचा जीव जाईल बे," राधाकिशन म्हणाला. "शेतकीची व्हॅन हाय की. आडवी निजवून नेतो. तू जा, धा मिंटात तुझ्या म्होरं काढतो का न्हाई बघ."

"अवो, हातातली गाडी कावून सोडता?" केसरबाई, त्याची बायको, कळवळून म्हणाली.

"तू गप ग."

टँकर गेला. त्याची धूळ बराच वेळ रस्त्यावर तरंगत होती.

व्हॅन तशी चाकांवरची खोलीच. चांगल्या दिवसांत शेतकी खात्याचे साहेब तिच्यात मुक्काम करत गावोगाव ऊस नोंदवत फिरायचे. आत झोपायला लांब बाक, खिडक्यांना पडदे, स्टोव्ह ठेवायला फळी. दोन वर्षं ती लिंबाखाली उभी होती. पण अधूनमधून मिस्त्री चालू करून बघायचा, तेव्हा तिनं कधी कुरकुर केली नव्हती.

सुभद्राला बाकावर निजवलं. केसरबाई उशाशी बसली. राधाकिशननं इंजिनाचा हीटर तापू दिला आणि सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा मारला. मागं धुराची रेघही नाही. म्हणजे डिझेलच पोचत नाही, लाइनीत हवा धरली, असं त्यानं ताडलं. डिझेलचा फिल्टर होता बाकाच्या फळीखाली. सुभद्राला उतरवून सावलीत बसवावं लागलं. त्यानं नट ढिला केला, फेस निघून गेला, डिझेलची स्वच्छ धार आली. नट आवळला. अर्ध्या सेल्फला गाडी चालू.

"म्हणलं न्हवतं?" तो हसला. "आण तिला."

केसरबाईनं लेकीला दंडाला धरून आणलं. सुभद्रानं पायरीवर पाऊल ठेवलं आणि इंजिन बंद पडलं.

त्यानं परत तेच सगळं केलं. हवा नव्हती. सुभद्रा खाली असताना अर्ध्या सेल्फला चालू. ती पायरीवर आली की बंद.

वजनानं कुठली तरी नळी दबत असेल, असं त्याला वाटलं. त्यानं बाकावर पेंडीची पोती रचली. इंजिन चालूच. छावणीतला म्हातारा तात्याबा आणि केसरबाई, दोघांना पोत्यांवर चढवून नाचायला लावलं. बघणाऱ्यांना हसू फुटलं. इंजिन चालूच. पोती काढून त्यानं बाकाची फळी चाचपली. बाहेरच्या पत्र्याला हात लागत नव्हता इतकं ऊन, आणि फळी मात्र माठाच्या बुडासारखी गार. त्यानं हात मागं घेतला आणि पँटला पुसला.

"मिस्त्री," तात्याबा हळूच म्हणाला, "गाडी हिलाच घेईना."

"येडा का खुळा तू? लोखंडाला काय कळतंय?"

या खेपेला चौघांनी सुभद्राला अलगद उचललं. पायरीला, दाराला, कशालाच तिचा स्पर्श होऊ दिला नाही. तिचं डोकं दाराच्या आत गेलं, आणि इंजिन थांबलं.

आता कुणी हसलं नाही.

"आबा," सुभद्रानं बापाची बाही घट्ट धरली, "मला नका चढवू. मला भ्या वाटायलंय."

राधाकिशननं तिला सावलीत घोंगडीवर निजवलं. तात्याबा सायकल घेऊन सडकेला जीप बघायला गेला, तो हात हलवत परत आला. आज केजचा बाजार, सगळ्या जीपा तिकडंच. बैलगाडी जुंपावी तर छावणीतली खंगलेली बैलं धरून उभी करावी लागत होती. सुइणीचं काम जाणणारी एक बाई येऊन पोट चाचपून गेली. मूल आडवं आहे, दवाखान्याशिवाय सुटका नाही, असं ती केसरबाईला बाजूला नेऊन सांगून गेली. बायका म्हणाल्या, देव पाण्यात घाला. पाणी तरी कुठं होतं!

शहादेवच्या टँकरात लेक एव्हाना दवाखान्यात पोचली असती. हा विचार राधाकिशनच्या डोक्यातून जाईना. त्याला स्वतःचा इतका राग आला की हातातला पाना त्यानं लांब भिरकावला.

सुभद्राचं ओरडणं चिरकं झालं. मग नुसतं कण्हणं.

"चढवा तिला," तो म्हणाला.

त्यांनी तिला बाकावर निजवलं. केसरबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. दार लागलं.

राधाकिशन ड्रायव्हरच्या जागेवर बसला. सेल्फ मारला. काही नाही. परत मारला. काही नाही.

उभ्या जन्मात त्यानं गाडीला शिव्याच दिल्या होत्या. आता त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि तो रडला. लहान पोरासारखा, आवाज करून.

"घेऊन चल ग माय," तो म्हणाला. "काय घ्यायचं ते घे. पण चल."

किल्ली फिरवली. अर्ध्या सेल्फला गाडी चालू झाली.

बाहेर लोक ओरडले. तात्याबानं आभाळाकडं हात जोडले. राधाकिशननं श्वास रोखून पहिला गिअर टाकला. गाडी हलली. लिंबाखालून निघाली, सडकेला लागली. इंजिन इतकं गोड चालत होतं की आतलं सगळं ऐकू येत होतं. बांगड्यांचा आवाज. पडद्याची कडी. बाकी काही नाही.

"केसर?" त्यानं समोरच बघत विचारलं.

"सावकाश घ्या," मागून ती कुजबुजली. आवाजात केवढी सुटका होती! "कळा थांबल्या बाई एकदाच्या. डोळा लागलाय लेकीचा. लई दमली व्हती. तोंडावर माश्या बसायल्यात, तरी हालंना बघा."