या रस्त्याचे टायर

मूल गावाच्या अलीकडे रस्त्याचं काम अर्धवट पडलं होतं. तिथं उर्वशीची गाडी अशी काही आदळली की तिनं जागीच ब्रेक दाबला. उतरून पाहिलं तर पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला. हवा अजून होती, पण असल्या टायरच्या भरवशावर वैनगंगेपर्यंत कोण जाणार? दोन्हीकडे धानाची कापणी चालली होती. बांधावरच्या दोन बायका विळे हातात धरून बघत राहिल्या होत्या... तिच्याकडे नाही, गाडीकडे. दोन दारांची, दोनच माणसांची, रस्त्याला पोट टेकवून बसल्यासारखी ती लालभडक गाडी.

पुण्यात नोकरीला लागल्यावर कितीतरी वर्षं बाकीची हौस मारून तिनं ती घेतली होती. कंपनीनं वैनगंगेवरच्या नव्या पुलाच्या कामावर पाठवलं, तेव्हा तीच गाडी घेऊन ती आईकडे चंद्रपूरला आली. रोज सकाळी चंद्रपूरहून निघायचं, मूल ओलांडून पुलावर पोचायचं, संध्याकाळी परत. मूलमध्ये मात्र ती कधी थांबत नसे. बाबा तिथल्या शाळेत शिक्षक होते, तिचं बारावीपर्यंतचं सगळं तिथंच झालं होतं. थांबलं की आठवणी अंगावर येतील, अशी तिला उगाच धास्ती वाटे.

आज थांबावंच लागलं. हळूहळू गाडी नेत तिनं पहिलं दिसलं ते टायरचं दुकान गाठलं. आत एक जण पाठमोरा, ट्रॅक्टरच्या चाकाशी झटत होता.

"बसा बाई, पाच मिनिटं," न वळताच तो म्हणाला. मग वळला, आणि हातातला पाना हातातच राहिला.

"उर्वशी... मेश्राम सरांची उर्वशी?"

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त मिटला, आणि तिला क्षणात सगळं आठवलं.

"प्रफुल?"

"अन् मले वाटे, गाडीत कोणी हिरोईन आली." तो खाली वाकून फुगा चाचपू लागला. "गाडी काऊन इतकी खाली ठेवली? का रस्ताच वर आला?"

"गाडी अशीच असते. रस्ता तुमचा वाईट आहे."

"तुमचा?" त्यानं मान वर केली. "तू कुठची झाली मग?"

ती टायरवरच्या मापाच्या आकड्यांची धूळ पुसत बसली... रुंदी दोनशे पंधरा, बाजू तिच्या पंचेचाळीस टक्के, रिम सतरा इंची.

अकरावी-बारावीला दोघं एकाच शिकवणीला होते. येताना सायकली हातात धरून चालायचे, म्हणजे रस्ता लवकर संपत नसे. राइस मिलच्या कोंड्याचा उबदार वास, उमा नदीच्या पुलावरची ती थंडगार लोखंडी कड, आणि गणितावरून चाललेली भांडणं. प्रफुल हुशार होता. दोघांनाही इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पण त्याच उन्हाळ्यात त्याच्या वडिलांना, वामनरावांना, अपघात झाला. सायकलचं दुकान बंद पडायची वेळ आली आणि प्रफुल राहिला. ती निघाली तेव्हा तो स्टँडवर आला होता. तिची बॅग वर चढवली, खिडकीपाशी उभा राहिला. बस सुटेपर्यंत दोघं आता पाऊस येईल की नाही, एवढंच बोलत होते.

"सर गेल्याचं समजलं होतं," तो आता चहाचा कप तिच्यापुढे ठेवत म्हणाला. "आलो होतो मी चंद्रपूरले."

"मला दिसला नाहीस."

"मागं होतो. तू रडून राह्यली होतीस... पुढं येऊन काय बोलणार?"

चहा गरम होता, तिनं तो तसाच घशाखाली उतरवला.

टायर नागपूरहून मागवावे लागणार होते. तोवर एक जुना टायर चढवून भागवायचं ठरलं. आता प्रश्न होता, नवीन घ्यायचे ते कोणत्या मापाचे?

"आहे तेच," उर्वशी म्हणाली. "गाडी बनवणाऱ्यांनी विचार करूनच दिलंय."

"त्यानं हा रस्ता पाह्यला होता का? तुझ्या टायरची बाजू चार बोटं नाई. खड्डा बसला का सगळा मार रिमले. मी म्हणतो, सतराच्या जागी सोळाची रिम टाक अन् जाड टायर घे. बाहेरून गोल तेवढाच राहते, मधात रबर वाढते."

"सोळाची रिम बसणार नाही. पुढचे ब्रेक मोठे आहेत."

"बसते."

"नाही बसत, प्रफुल."

"पहा, भांडायची सवय गेली नाई." तो हसला, मग रबराचा एक तुकडा उगाच बोटांत फिरवत राहिला. "बरं, एक सांग. इथी किती दिवस हायेस? त्याच्यावर आहे सगळं."

"उन्हाळ्यात पूल संपेल. मग पुण्याला."

"असं..." त्याचा आवाज एकदम दुकानदाराचा झाला. "मग आहे तेच माप घ्या. पुण्याच्या रस्त्याले बरं."

त्या "घ्या"नं ती दिवसभर अस्वस्थ राहिली. पुलावर काँक्रीट ओतलं जात होतं आणि तिच्या कानात तो एक शब्द अडकून बसला होता.

दुसऱ्या दिवशी जुन्या टायरची हवा तपासायची म्हणून ती थांबली. तिसऱ्या दिवशीही हवाच तपासायची होती. चौथ्या दिवशी दुकानाच्या दाराशी बसलेले वामनराव खुर्चीतून म्हणाले, "बाई, ह्या टायरची हवा तर जाऊन नाई राह्यली. पण येत जा." ती लाजेनं लाल झाली आणि प्रफुल पाना शोधायला आत गेला, तो बराच वेळ बाहेर आलाच नाही.

त्या आठवड्यात त्यानं कुणाच्या तरी गाडीची सोळाची रिम उसनी आणली. नटांची भोकं जुळली. त्यानं तिच्याकडे विजयी नजरेनं पाहत चाक फिरवलं, आणि ते ब्रेकला घासून खटकन अडलं.

उर्वशी ओठ दाबून उभी राहिली.

"हास," तो म्हणाला. "हासून घे एकदाची."

ती हसली. किती दिवसांनी इतकं हसली होती कोण जाणे. हसता हसता तिनं खडू उचलला आणि फरशीवर बसून आकडे मांडायला लागली. त्याचंही बरोबर होतं, टायरची बाजू जाड हवीच होती. पण रिम बदलायची नव्हती. मग सतराच ठेवून टायर थोडा अरुंद आणि थोडा उंच घेतला तर?

"दोनशे पाच, पन्नास, सतरा," ती म्हणाली.

तो शेजारी उकिडवा बसला. "उंची वाढंल. वळताना आत घासंल का?"

"जेमतेम सहा मिलिमीटर वर जाईल. घासायचं नाही."

"मीटरवर ऐंशी दिसंल तवा गाडी एक्क्याऐंशी-ब्याऐंशीनं जाईल."

"मग मी अठ्ठ्याहत्तरनं चालवीन."

"वजन पेलंल एवढं पाहून घेतो." दोघांची डोकी फरशीवर इतकी जवळ आली होती की तिला त्याच्या शर्टाचा साबणाचा वास आला. तो थांबला. "पण उर्वशी... पुण्यात हे माप कशाले? गाडीची मजा थोडी कमीच होईल."

"तू मागव," ती म्हणाली आणि उठली.

पुण्याच्या साहेबांचा फोन आदल्याच दिवशी आला होता. पूल संपला की मुख्य कचेरीत बढती, मोठी जागा. नाहीतर आलापल्लीच्या पुढं जंगलातल्या एका पुलाचं काम सुरू होणार होतं, पण तिकडं कुणी जायला तयार नव्हतं. "तू अर्थात इकडंच येशील," साहेब म्हणाले होते, आणि तिनं विचार करून सांगते म्हणून फोन ठेवला होता. आईला तिनं सांगितलं नव्हतं. प्रफुललाही नाही.

टायर शनिवारी आले. त्यानं एकेक चढवला, चाकांचा तोल साधला, हवा भरली आणि स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. कुठंही घासलं नाही. तेवढ्यात मार्गशीर्षात कधी येत नाही तसा पाऊस आला. कापून रचलेले धानाचे पुंजणे झाकायला माणसं शेताकडे धावली.

"चल," ती म्हणाली. "ओल्या रस्त्यावर कसे धरतात पाहू."

"मी?"

"दोनच सीट आहेत. मी एकीवर बसते."

तो गुडघे पोटाशी घेऊन कसाबसा आत बसला. गाडी मूलबाहेर पडली. रस्ता सागाच्या जंगलात शिरला, पानांवरून पाणी टपटपत होतं. एक खड्डा आला, दोघांनी दचकून श्वास धरला... आणि चाक त्यातून मऊपणे पार झालं. त्यानं नुसती मान डोलावली.

"मी काल पुण्याला फोन केला," समोर पाहतच ती म्हणाली. "सांगितलं, बढती नको. आलापल्लीकडचं काम घेते."

त्यानं काचेवर साचलेली वाफ बाहीनं पुसली.

"आलापल्ली लांब आहे," तो म्हणाला.

"पुण्यापेक्षा जवळ आहे."

"काऊन केलं असं?"

तिनं गाडी कडेला घेतली. हात तिनं स्टेअरिंगवरच ठेवले. "पुलांचं काम मला आवडतं, म्हणून. इथं आल्यापासून मला झोप लागते, म्हणून. आणि... त्या दिवशी स्टँडवर तू काही बोलला असतास, तरी मी गेलेच असते, प्रफुल. पण परत लवकर आले असते."

"तवा माझ्याजवळ बोलाले काय होतं? बाबा दवाखान्यात, दुकान बंद..."

"मी दुकान मागितलं नव्हतं."

तो खिडकीबाहेर पाहू लागला. मग वळला, आणि या वेळी त्याची नजर हलली नाही. "आता बोलू?"

"बोल."

"मले तू आवडतेस. शिकवणीच्या त्या रस्त्यापासून. दोन ठिकाणी मुली पाहाले नेलं बाबानं. दोन्ही वेळा घरी येऊन मी जेवलो नाई. तवाच बाबाले समजलं... पण त्यानं कधी विचारलं नाई." तो थांबला. "तू हो म्हण असं नाई माझं. पण ऐकून घे, म्हणून सांगतो."

तिनं स्टेअरिंगवरचा एक हात काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. त्याच्या नखांत काळं रबर होतं, ते पाहून त्यानं हात मागं घ्यायला पाहिलं, तिनं सोडला नाही.

"मले पण तू आवडतोस," ती म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून ते "मले" आलं, तिचं तिलाही कळलं नाही. त्याला कळलं. त्याचा डावा डोळा मिटत चालला होता.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता माझ्या आईला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

"आज? ह्या कपड्यावर?"

"आज."

त्यानं फोन काढून वामनरावांना लावला. "बाबा, दुकान बंद करा. मी चंद्रपूरले जाऊन राह्यलो... हो, तिच्यासंगंच." पलीकडून काय बोलणं झालं ते उर्वशीला ऐकू आलं नाही, पण प्रफुलनं फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "तुझ्या आईले लुगडं घेऊन जा म्हणते बाबा, रिकाम्या हातानं जाऊ नको म्हणते."

"चंद्रपुरात घेऊ," ती म्हणाली आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणली. "आईला हिरवा रंग आवडतो."