गुरुत्वाकर्षणात पाच टक्के सूट

पृथ्वीवरचं वर्ष सव्वा महिन्यानं लांबलं आणि त्याचं खापर कोल्हापूरच्या गणपा चौगुले फिटरच्या डोक्यावर फुटलं.

त्या काळी नियतांक, म्हणजे निसर्गाचे न बदलणारे आकडे, कुणी पाठ करत नसे. कॅलक्युलेटरची एक कळ दाबली की प्रकाशाचा वेग, दुसरी दाबली की गुरुत्वाचा आकडा. साऱ्या जगाचे कॅलक्युलेटर हे आकडे कोल्हापुरातल्या एका कारखान्याच्या मूळ यंत्राकडून घेत. त्या यंत्रात आकडे भरायचं काम गणपाकडे आलं. लेथवर चाळीस वर्षं काढलेला माणूस. घट्ट बसवलेला भाग तापला की अडकतो, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. जरा मोकळीक राहावी म्हणून त्यानं गुरुत्वाच्या आकड्यातून पाच टक्के घासून कमी केले.

“निसर्ग बहुमतानं चालतो, हे आम्हांला उशिरा कळलं,” त्याच्या घराच्या सोप्यात बसून शास्त्रज्ञ डॉ. मीनाक्षी ओक समजावत होत्या. “सर्वांत जास्त कॅलक्युलेटर जो आकडा सांगतात, तोच तो खरा धरतो. आम्ही त्याला बहुमतांक म्हणतो. तुम्ही गुरुत्व ढिलं केलंत, पृथ्वी सूर्यापासून लांब गेली. आता सूर्यही मंदावेल.”

“मग करा की नीट.”

“यंत्र तुमच्याच जिवंत अंगठ्यानं उघडतं.”

तेवढ्यात हौसाबाई चहा घेऊन आल्या. गुडघ्यांपायी तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली त्याची बायको गुरुत्व घटून वजन उतरल्यापासून घरभर हिंडत होती. तिला चालताना बघून गणपाचा ऊर अजून भरून येई. ती आत गेल्यावर त्यानं हळूच विचारलं.

“खरी थंडी कवा पडंल?”

“पन्नासेक वर्षांत.”

“मग हिच्या माघारी दाबतो अंगठा. तवर न्हाई.”

डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हापासून दर सोमवारी देशोदेशींचे शास्त्रज्ञ फोन करून हौसाबाईंची तब्येत विचारतात. ठणठणीत आहे म्हटलं की ‘बरं, पुढच्या सोमवारी विचारतो’ म्हणून फोन ठेवतात. जगात अजून इतकी मायेची माणसं आहेत, याचं हौसाबाईंना फार कौतुक. अलीकडे तर परदेशातून मिठाईचे डबेही येऊ लागलेत.

त्यातला पहिला घास गणपा स्वतः खातो, आणि तसं त्यानं सगळ्यांना कळवून ठेवलंय.